दुवा पोहोचत नाही तेव्हा

(मोबाइल ॲप तयार करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

एखाद्या संस्थेने लोकांच्या उपयोगाचे मोबाइल ॲप तयार करून घेतले, त्याचा समारंभ केला आणि सभासदांना संदेश धाडला, म्हणजे काम संपले असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते. संदेशातील निळ्या ओळीवर बोट ठेवल्यावर ॲपमधील नेमके हवे ते पान उघडले, तर केलेला खर्च कारणी लागतो. ते न उघडता भलतेच काही उघडले, तर सभासद एकदा प्रयत्न करतो, फार तर दोनदा करतो आणि मग पूर्वीप्रमाणे कार्यालयाच्या ओट्यावर येऊन बसतो. ॲप बांधणाऱ्यांना या टप्प्यावर भेडसावणाऱ्या अडचणी दोन. पहिली म्हणजे थेट आतल्या पानावर नेणारा दुवा, ज्याला 'डीप लिंक' म्हणतात, तो न चालणे. आणि दुसरी म्हणजे ॲप स्टोअरकडे पाठवलेले ॲप नामंजूर होऊन परत येणे. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध दिसत नाही. तथापि मूळ शोधू गेल्यास पुष्कळदा दोन्ही अडचणींचे कारण एकच निघते.

उदाहरणादाखल अशी कल्पना करावी की, लासलगावच्या परिसरातील कांदा उत्पादकांच्या एका संस्थेने सभासदांसाठी ॲप करून घेतले. आवक नोंदवावी, वजनाचा क्रमांक मिळावा आणि पट्टी पाहता यावी, एवढाच त्याचा हेतू. हंगाम तोंडावर आला होता आणि प्ले स्टोअरची मंजुरी लांबली होती. सबब संस्थेच्या तंत्रज्ञाने ॲपची फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवली आणि शंभर-सव्वाशे सभासदांनी ती आपल्या फोनमध्ये बसवली. पुढे मंजुरी आली व उरलेल्यांनी ॲप प्ले स्टोअरवरून घेतले. त्यानंतर जो प्रकार सुरू झाला तो मोठा चमत्कारिक होता. आवक नोंदवण्याचा दुवा संदेशातून गेला की जुन्या सभासदांच्या फोनवर नोंदणीचे पान उघडे आणि नव्या सभासदांच्या फोनवर ब्राउझर उघडून संस्थेच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ दिसे. तंत्रज्ञाच्या स्वतःच्या फोनवर तर दुवा दर वेळी बिनचूक चाले! साहजिकच दोष सभासदांच्या अज्ञानाला दिला गेला. तो दोष त्यांचा नव्हता, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

दुव्यांचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारात ॲप स्वतःसाठी एक उपसर्ग ठरवून घेते व त्या उपसर्गाने सुरू होणारा दुवा आपल्याकडे यावा असे फोनला सांगते. भारतात याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे यूपीआयचा दुवा. २०१६ साली सुरू झालेल्या या पद्धतीत 'यूपीआय' हा उपसर्ग, त्यापुढे पैसे घेणाऱ्याचा पत्ता, नाव व रक्कम अशी रचना असते. परंतु अशा उपसर्गावर कोणाचीही मालकी नसते. तो कोणतेही ॲप सांगू शकते. पैसे देण्याची अनेक ॲप्स फोनवर असली की अँड्रॉइड 'कोणते उघडू?' असे विचारते. यूपीआयच्या बाबतीत हे विचारणे सोयीचेच आहे. आयफोनवर मात्र दोन ॲप्सनी एकच उपसर्ग सांगितला तर त्यांपैकी कोणते उघडेल याची शाश्वती खुद्द ॲपल कंपनीही देत नाही. संस्थेच्या खाजगी ॲपच्या बाबतीत याचा अर्थ असा की, दुसऱ्या कोणी वाईट हेतूने तोच उपसर्ग घेतल्यास सभासदाचा दुवा, आणि त्यासोबत जाणारी प्रवेशाची सांकेतिक खूण, परक्याच्या हाती पडू शकते. यास्तव ज्या दुव्यातून प्रवेशाची किंवा पैशांची माहिती जाते तेथे केवळ उपसर्गावर विसंबणे इष्ट नाही.

दुसरा प्रकार पडताळणीच्या दुव्यांचा. २०१५ साली ॲपलने आयओएस ९ सोबत 'युनिव्हर्सल लिंक्स' आणि गूगलने अँड्रॉइड ६ सोबत 'ॲप लिंक्स' ही व्यवस्था आणली. यात दुवा साध्या संकेतस्थळाच्या पत्त्यासारखाच असतो. ॲप म्हणते, 'अमुक संकेतस्थळ माझे आहे'. आणि संकेतस्थळावर ठेवलेली एक लहानशी फाइल म्हणते, 'अमुक ॲप माझे आहे'. दोघांची साक्ष जुळली तरच फोन दुवा ॲपकडे सोपवतो. सातबाऱ्यावरील नाव आणि खरेदीखतावरील नाव जुळल्याशिवाय फेरफार होत नाही, तसाच हा प्रकार. साक्ष जुळली नाही तर फोन तक्रार करीत नाही, चूक दाखवीत नाही. तो मुकाट्याने ब्राउझर उघडतो. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून तर पडताळणी न झालेल्या दुव्यासाठी 'कोणते उघडू?' हा प्रश्नही विचारला जात नाही. निदान करणाऱ्याची खरी पंचाईत या मुकेपणामुळे होते.

कांदा उत्पादकांच्या संस्थेत जे घडले त्याचे कारण येथेच आहे. अँड्रॉइडसाठी संकेतस्थळावर ठेवावयाच्या फाइलीचे नाव 'असेटलिंक्स.जेसन' असे असून ती 'वेल-नोन' नावाच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या कप्प्यात ठेवावी लागते. तीत ॲपचे नाव आणि ॲपवरील डिजिटल सहीचा ठसा लिहिलेला असतो. हा ठसा म्हणजे ३२ जोडाक्षरांची, मध्ये विसर्गचिन्हे असलेली ओळ. आता गोम अशी की, ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या प्रत्येक नव्या ॲपवर अखेरची सही गूगल स्वतः करते. तंत्रज्ञ ज्या किल्लीने सही करून ॲप पाठवतो ती केवळ पाठवणीची किल्ली होय. गूगल ती सही तपासून बाजूला ठेवते व आपल्याजवळ राखलेल्या दुसऱ्या किल्लीने सही करून ॲप लोकांना देते. संस्थेच्या तंत्रज्ञाने फाइलीत ठसा लिहिला तो आपल्या पाठवणीच्या किल्लीचा. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीवर तीच सही होती, म्हणून जुन्यांचा दुवा चालला. प्ले स्टोअरच्या प्रतीवर गूगलची सही होती, म्हणून नव्यांचा चालला नाही. तंत्रज्ञाचा फोन तर त्याच्याच किल्लीच्या प्रतीवर चालत होता. या एका चुकीत जगभरातील तंत्रज्ञांचे किती दिवस वाया गेले असतील याची गणती नाही, आणि तरीही ती रोज नव्याने होते.

यावरील उपाय सोपा आहे. प्ले कन्सोलमध्ये ॲपच्या सहीचे जे पान आहे तेथे दोन्ही किल्ल्यांचे ठसे दिलेले असतात. त्यांपैकी ॲप साइनिंग कीचा ठसा फाइलीत हवा. फाइलीत एकाहून अधिक ठसे लिहिण्याची मुभा असल्याने चाचणीच्या काळात दोन्ही ठेवता येतात. याच कन्सोलमध्ये दुव्यांसाठी स्वतंत्र पान असून कोणत्या संकेतस्थळाची पडताळणी झाली व कोणत्याची नाही हे ते सांगते. फोन संगणकाला जोडून ॲपच्या दुव्यांची स्थिती विचारण्याची आज्ञाही उपलब्ध आहे. उत्तरात 'व्हेरिफाइड' हा शब्द आला तर काम झाले. 'नन' आले तर पडताळणी अद्याप झालेलीच नाही, आणि १०२४ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर ती फसली आहे, असे समजावे. प्रत्येक तंत्रज्ञाने ही चौकशी स्वतःच्या फोनवर न करता, प्ले स्टोअरवरून ॲप घेतलेल्या एखाद्या सभासदाच्या फोनवर करावी.

ठसा बरोबर असूनही पडताळणी फसते, त्याची कारणे बहुधा संकेतस्थळाकडे असतात. फाइल सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस पत्त्यावरच हवी आणि मागणाऱ्याला ती थेट मिळाली पाहिजे. 'येथे नाही, तिकडे जा' असे उत्तर चालत नाही. पुष्कळ संकेतस्थळे साध्या पत्त्यावर आलेल्याला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेल्या पत्त्याकडे वळवतात. माणसाला ते कळतही नाही, पण पडताळणी तेथेच थांबते. तसेच अँड्रॉइड ११ व त्याआधीच्या फोनवर ॲपने सांगितलेल्या संकेतस्थळांपैकी एकाची जरी फाइल जुळली नाही तरी सर्वांचीच पडताळणी रद्द होते. चाचणीसाठी घेतलेला एखादा जुना पत्ता यादीत राहून गेला तर तोही घात करतो.

आयफोनची तऱ्हा थोडी निराळी. तेथील फाइलीचे नाव 'ॲपल-ॲप-साइट-असोसिएशन'. तिला शेवटी 'जेसन' वगैरे शेपूट लावावयाचे नाही. अनेक जण सवयीने ते लावतात. तीत ॲपचे नाव लिहिताना आधी तंत्रज्ञाच्या खात्याचा दहा अक्षरांचा संकेतांक व मग टिंब देऊन ॲपची ओळख लिहावी लागते. २०२० सालच्या आयओएस १४ पासून फोन ही फाइल संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वतः आणीत नाही. ती ॲपलच्या वितरण-जाळ्यातून येते. ते जाळे २४ तासांच्या आत फाइल मागते आणि बसवलेले ॲप साधारण आठवड्यातून एकदा तिची नवी प्रत पाहते. त्यामुळे सकाळी फाइल दुरुस्त करून दुपारी 'अजून चालत नाही' म्हणून पुन्हा ती बिघडवणारे तंत्रज्ञ थोडे नाहीत. घाई असेल तर ॲपमध्ये संकेतस्थळाच्या नोंदीपुढे विकासकाची खूण जोडून व फोनमध्ये त्यासाठीची सोय चालू करून फाइल थेट मागवता येते; ती खूण चाचणीपुरतीच.

आयफोनवर दुव्याची चाचणी घेताना आणखी एक फसगत होते. सफारीच्या पत्त्याच्या पट्टीत दुवा लिहून पाहिला तर ॲप उघडत नाही, आणि तो न उघडणे हाच नियम आहे. दुवा टिपणवहीत किंवा संदेशात ठेवून त्यावर बोट ठेवावे. बराच वेळ दाबून धरल्यास 'ॲपमध्ये उघडा' हा पर्याय दिसतो का, हेही पाहावे. तो दिसला तर साक्ष जुळली आहे असे समजण्यास हरकत नाही.

आता येथे ॲप स्टोअरच्या नामंजुरीचा धागा जुळतो. सुरक्षेच्या कारणास्तव काही संस्था आपल्या सर्व्हरवर परदेशातून येणारी मागणी अडवतात. हेतू चांगला आहे. पण ॲपलचे वितरण-जाळे फाइल कोठून मागेल याचा नेम नाही. ती मागणी अडली की दुवा मेला. आणि ॲप तपासणारा परीक्षकही बहुधा परदेशातच बसलेला असतो. त्याने ॲप उघडले की समोर रिकामा पडदा येतो आणि 'ॲप अपूर्ण' असा शेरा मिळतो. ॲपलच्या नियमावलीतील २.१ क्रमांकाचे हे कलम नामंजुरीचे नेहमीचे कारण होय. एका बंद दारामुळे दोन्हीकडे अडकून पडलेला तंत्रज्ञ मात्र दुव्याचा दोष एकीकडे व नामंजुरीचा दुसरीकडे शोधत राहतो.

भारतीय ॲपच्या बाबतीत याच कलमाखाली येणारी दुसरी अडचण ओटीपीची. प्रवेशासाठी दहा अंकी भारतीय मोबाइल क्रमांक व त्यावर येणारा संकेतांक लागतो. परीक्षकाकडे तो क्रमांक असणार कोठून? यासाठी परीक्षकापुरता एक चाचणी-क्रमांक व त्याचा ठरलेला ओटीपी सर्व्हरवर ठेवावा आणि अर्जासोबतच्या टिपणात तो स्पष्ट लिहावा. त्या खात्यात नमुन्याच्या नोंदी भरून ठेवाव्यात. रिकामी यादी पाहून परीक्षकाला ॲप कशासाठी आहे हे उमगत नाही. गूगलकडेही असाच तपशील द्यावा लागतो.

बाकीच्या अटी वाचून पाळण्यासारख्या आहेत, त्यांत गूढ काही नाही. ॲपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते तेथेच कायमचे मिटवण्याची सोय ३० जून २०२२ पासून ॲपलने सक्तीची केली. गूगलने पुढे त्यासाठी संकेतस्थळावरचा दुवाही मागितला. कोणती माहिती गोळा केली जाते याचे विवरण दोघांनाही हवे असते आणि ते खरे असावे लागते. संकेतस्थळच जसेच्या तसे ॲपच्या चौकटीत बसवले तर ॲपल ते स्वीकारीत नाही. शासकीय माहिती दाखवणाऱ्या खाजगी ॲपने माहितीचा मूळ स्रोत दाखवून आपण शासनाचे नाही हे स्पष्ट लिहिणे गूगलला आवश्यक वाटते, आणि ते योग्यच आहे. सातबाऱ्याच्या नावाने निघालेली अनेक ॲप्स शासनाचीच आहेत असे खेड्यातील माणूस मानतो. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर येणारे नवे ॲप अँड्रॉइड १५ डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले असावे लागते. ही पायरी वेळोवेळी वर सरकते, म्हणून एकदा करून घेतलेले ॲप वर्षानुवर्षे तसेच राहील या भरवशावर अंदाजपत्रक आखू नये.

नव्या तंत्रज्ञाला विशेष जाचणारी अट अशी की, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून ॲप प्रसिद्ध करण्यापूर्वी ठरावीक संख्येच्या लोकांनी ते सलग १४ दिवस वापरून पाहिले पाहिजे. प्रारंभी २० जण लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या १२ करण्यात आली. संस्थेच्या नावाने काढलेल्या खात्याला ही अट नाही. ॲप संस्थेचे असेल तर खातेही संस्थेच्याच नावे असावे, याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. तंत्रज्ञ नोकरी सोडून पुण्याला किंवा बंगळुरूला गेला की त्याच्या वैयक्तिक खात्यासोबत ॲपही जाते आणि संस्थेच्या हाती केवळ पावती उरते.

हंगाम तोंडावर असताना हे चौदा दिवस डोंगराएवढे वाटतात आणि मग व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवण्याचा मोह होतो. या मोहाची किंमत जबर आहे. गेल्या काही वर्षांत वाहतूक दंडाचे ई-चलन, लग्नपत्रिका किंवा बँकेची सूचना अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ॲपच्या फाइलींनी अनेकांची बँक खाती रिकामी केली आहेत व पोलिसांनी त्याबाबत वारंवार इशारे दिले आहेत. ज्या सभासदाला त्याच्या विश्वासातल्या संस्थेनेच अशी फाइल बसवायला शिकवले, तो दुसऱ्या खेपेला अनोळखी फाइलही त्याच हाताने बसवतो.

संदेशातील दुव्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. अक्षरे वाचवण्यासाठी लघु-दुवे करणाऱ्या परक्या सेवेचा आश्रय घेतला, तर फोन पडताळणी करतो ती त्या सेवेच्या पत्त्याची, आणि दुवा पुन्हा ब्राउझरच्या वाटेने जातो. परक्या सेवेचे आयुष्यही आपल्या हाती नसते. गूगलची 'फायरबेस डायनॅमिक लिंक्स' ही सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली आणि तिचे दुवे, ते फलकांवर छापलेले असोत वा पत्रकांवर, त्या दिवसापासून निरुपयोगी ठरले. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या निर्देशानुसार, आधी नोंदवून मान्य करून न घेतलेला दुवा असलेला व्यापारी संदेश दूरसंचार कंपन्या पुढे जाऊ देत नाहीत. पत्ता बदलायचा तर ती नोंदही बदलावी लागते.

मराठी नावांची अडचण वेगळीच. दुव्यात 'पुणे' हा शब्द मराठीत लिहिला तर तांत्रिक रूपांतरानंतर त्याची ३६ चिन्हे होतात, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते व प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. मराठी लघुसंदेशाची मर्यादा ७० अक्षरांची. त्यातली निम्मी एका गावाच्या नावात खर्ची पडतात. तोच पत्ता एका फोनवर मूळ रूपात व दुसऱ्यावर रूपांतरित स्वरूपात वाचला गेला तर नमुना जुळत नाही. म्हणून दुव्यात गावाचे नाव न घालता केंद्र शासनाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील गावाचा क्रमांक घालावा आणि नाव ॲपच्या पानावर ठळक मराठीत दाखवावे.

आता कांदा उत्पादकांच्या संस्थेकडे पुन्हा वळावयाचे. फाइलीत योग्य ठसा घातल्याने पुढे ॲप घेणाऱ्यांची सोय झाली. ज्यांच्या फोनवर पडताळणी आधीच फसली होती त्यांच्यासाठी आवृत्ती-क्रमांक वाढवून ॲपची एक छोटी सुधारित आवृत्ती काढावी लागली, कारण नवी आवृत्ती बसताना पडताळणी पुन्हा होते. व्हॉट्सॲपवरून ॲप घेतलेल्यांचे काम मात्र याने भागणारे नव्हते. त्यांच्या प्रतीवरची सही निराळी असल्याने प्ले स्टोअरची आवृत्ती तिच्यावर बसतच नाही. जुने ॲप काढून नवे घ्यावे लागते आणि काढताना फोनमध्ये अडकलेल्या, सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी नाहीशा होतात. तेव्हा संस्थेच्या कर्मचाऱ्याने लिलाव बंद असलेला दिवस निवडून, एकेका सभासदाचा फोन हाती घ्यावा, नोंदी पोहोचल्याची खात्री करावी आणि मगच जुने ॲप काढून प्ले स्टोअरवरून नवे बसवावे. शंभर-सव्वाशे फोन म्हणजे दोन माणसांचे तीन-चार दिवसांचे काम आहे.